प्रश्न वाचकांचे : शाखा वेगळी, तसा पुरावा वेगळा

गेल्या अंकात आम्ही संशोधनाविषयी प्रश्न मागवले होते. रेवदंड्यापासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचकांनी भरतीच्या वेळेपासून मोडी कागदांपर्यंत नाना विषयांवर लिहिलं. वरवर पाहता या प्रश्नांचा एकमेकांशी संबंध नाही. पण जवळजवळ प्रत्येक पत्रात मुळात एकच विचारलेलं आहे: अमुक गोष्ट खरी कशावरून? याचं उत्तर समुद्रशास्त्रात एक असतं, इतिहासात दुसरं, शेतीच्या प्रयोगात तिसरं. म्हणून प्रत्येक प्रश्न त्या त्या शाखेच्या रीतीने सोडवला आहे.

प्रश्न : आमच्याकडे भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपटीने काढतात. मुलगा मोबाइलवर पाहतो, ती वेळ वेगळी येते. कधी दहा मिनिटांचा फरक, कधी अर्ध्या तासाचा. आमचं गणित चुकतं की मोबाइल?
(वाचक, रेवदंडा)

तुमचा नियम टाकाऊ नाही. तोंडी हिशेब जमावा म्हणून त्यात आकडा सोपा करून घेतलेला आहे. अमावास्येला भरती बाराला धरायची आणि पुढे दर तिथीला पाऊण तास वाढवायचा. पण अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंतच्या १५ तिथींत भरतीची वेळ १२ तास पुढे सरकून पुन्हा बारावर येते. १२ तासांची ७२० मिनिटं, भागिले १५, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊणपटीत दर तिथीला ३ मिनिटं कमी पडतात. पंचमीला १५, दशमीला ३०, पौर्णिमेला ४५. त्यामुळे पाऊणपटीने पौर्णिमेची भरती सव्वाअकराला येते आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेची पाऊण वाजता. एका दिवसात दीड तासाची उडी समुद्र घेत नाही. तिथीला ४८ मिनिटांनी गुणा. सप्तमीला ३३६ मिनिटं, म्हणजे ५ वाजून ३६ मिनिटं. पाऊणपटीने सव्वापाच आली असती.

तरीही मोबाइलशी तंतोतंत जुळणार नाही. ४८ मिनिटं ही सरासरी आहे. उधाणाच्या दिवसांत भरती रोज थोडी कमी मागे पडते, भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या भरतीच्या, दिवसांत जास्त. चंद्रामुळे उठणारी मुख्य लाट १२ तास २५ मिनिटांची आणि सूर्यामुळे उठणारी १२ तासांची. या दोन्ही दर १४.७७ दिवसांनी एकत्र येतात तेव्हा उधाण येतं, एकमेकींच्या विरुद्ध पडतात तेव्हा भांग. भरतीची कोष्टकं करणारे अशा डझनावारी घटक-लाटांची बेरीज करतात.

तिसरं कारण बंदराचं. आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत येते, म्हणून गोव्यात ती मुंबईच्या आधी लागते. अमावास्येला बारा हा आकडा मुंबईच्या आसपास बराच जुळतो; मालवणच्या माणसाने तो जसाच्या तसा घेतला तर चुकेल. खाडीत आत जावं तसा उशीर होतो. मोबाइल तुमच्या जेट्टीची वेळ दाखवतोय की जवळच्या मोठ्या बंदराची, हे आधी बघा.

आपल्या जेट्टीचा फरक काढायला यंत्र लागत नाही. खांबावर दर १० सेंटिमीटरला रंगाची खूण करा. अपेक्षित वेळेच्या तासभर आधीपासून तासभर नंतरपर्यंत दर १० मिनिटांनी पाणी कुठे आहे ते लिहा. भरतीच्या माथ्यावर पाणी बराच वेळ थबकलेलं दिसतं, त्यामुळे ‘आता पूर्ण भरली’ हा क्षण डोळ्यांनी पकडू गेलात तर हमखास चूक होते. त्याऐवजी चढताना आणि उतरताना पाणी एकाच खुणेला आलं त्या दोन वेळा घ्या आणि त्यांचा मध्य काढा. एक पूर्ण पक्ष असं केलंत की बंदराचा फरक हाती येतो. वादळी दिवस वगळा. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर चढतं, आणि जोराचा वारा त्यात आणखी भर घालतो.

प्रश्न : हेलियमचा शोध १८६८ साली लॉकियर साहेबाने विजयदुर्ग किल्ल्यावर लावला, तिथले ‘साहेबाचे ओटे’ हे चौथरे त्याचीच खूण, असं आम्ही ऐकत आलो. पुस्तकात मात्र गुंटूरचं नाव आहे. खरं काय?
(विद्यार्थी, गिर्ये, ता. देवगड)

इथे प्रयोग कामाचा नाही, कागद कामाचा. विज्ञानाच्या इतिहासात पहिला सवाल हाच, की त्या तारखेला तो माणूस कुठे होता आणि हे त्या वेळच्या कुठल्या लेखावरून कळतं.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं. फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, टेनंट यांचं पथकही तिथेच, पॉगसन मछलीपट्टणला, तर लेफ्टनंट हर्शेल जमखंडीला. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांच्या प्रकाशाच्या वर्णपटात, म्हणजे रंगांच्या पट्ट्यात, एक ठळक पिवळी रेषा दिसली. ग्रहण नसतानाही या ज्वाळा पाहता येतील, हे जान्सेन यांनी दुसऱ्याच दिवशी दाखवलं. नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ ला तिथूनच, ग्रहणाविना, त्या ज्वाळांचं निरीक्षण केलं. पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेच्या जागी बसत नव्हती. सोडियमच्या रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर, ही ५८७.६ च्या जवळ. म्हणून लॉकियर यांनी तिचा संबंध नव्या मूलद्रव्याशी जोडला. पृथ्वीवर हेलियम सापडलं १८९५ मध्ये, रॅम्झी यांना, एका युरेनियमयुक्त खनिजात.

मग विजयदुर्ग? लॉकियर तिथे खरोखरच आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेवरचे अधिकारी आणि खलाशी त्यांच्या मदतीला होते आणि निरीक्षणांचा वृत्तान्त रॉयल सोसायटीने छापला. म्हणजे लोकांच्या आठवणीत माणूस खरा, जागा खरी, ग्रहणही खरं. फक्त तीस वर्षांच्या अंतरावरची दोन ग्रहणं एक झाली. ओटे १८६८ चे आहेत असं म्हणायला लॉकियर यांचा आधार घेता येत नाही. ‘हेलियमच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते लॉकियर १८९८ मध्ये इथे ग्रहण पाहायला आले’ असा फलक कुणी लावला तर तो बिनचूक ठरेल. आमच्या मते किल्ल्याची शान त्याने काही कमी होत नाही.

प्रश्न : शोधनिबंधावर चार-पाच नावं असतात. पहिलं नाव मोठ्या माणसाचं का?
(वाचक, खेड)

ते शाखेवर आहे. जीवशास्त्र, रसायन, वैद्यक यांत बहुधा पहिलं नाव प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. गणितात आणि बऱ्याचदा अर्थशास्त्रात नावं वर्णानुक्रमाने लावतात, तिथे क्रमावरून काहीच ठरवू नये. इतिहासात, साहित्यात एकट्याचं लेखन जास्त. कणभौतिकीत तर सगळा प्रयोगच नावं देतो: हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या निबंधाला ५,१५४ लेखक आहेत. म्हणून प्राध्यापकांची तुलना नुसते निबंध मोजून करणं आम्हाला सरळ अन्याय वाटतो. गणितज्ञाचे वर्षाचे दोन निबंध आणि कणभौतिकीवाल्याचे पन्नास यांना एकच माप लावता येत नाही.

प्रश्न : शाळेजवळच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, कातळशिल्पं आहेत. आठवी-नववीच्या मुलांकडून त्यांची नोंद करून घ्यायची आहे. कशी करावी? आणि ती किती जुनी हे नक्की सांगता येतं का?
(शिक्षिका, राजापूर तालुका)

जरूर करा, पण चित्राला काहीही लावायचं नाही हा पहिला नियम मुलांकडून पाठ करून घ्या. फोटोत उठून दिसावं म्हणून खाचांत चुना, खडू, रांगोळी, तेलरंग भरलेला ठिकठिकाणी दिसतो. जांभा दगड सच्छिद्र असतो; रंग आत जिरतो आणि पुढे कुणाला खाचेतल्या हत्याराच्या खुणा तपासायच्या असतील तर त्या हाती लागत नाहीत. मऊ केरसुणीने सुका पालापाचोळा हलकेच बाजूला करा, तेवढंच. खाचेतली माती उकरू नका. ती का राखायची ते पुढे सांगतो.

वेळ सूर्य उगवल्यावरचा पहिला तास किंवा मावळतीच्या आधीचा. तिरप्या उन्हात खाचेत सावली पडते आणि रेष दिसते. दुपारी बाराला तीच आकृती सपाट होऊन नाहीशी होते. पावसाळ्यात सडा निसरडा आणि गवताने भरलेला असतो, म्हणून डिसेंबर ते मार्च बरा.

आकृतीभोवती सुतळीने चौकट आखा आणि आत १ मीटर × १ मीटरचे चौकोन पाडा. सुतळी दगडांना गुंडाळा, कातळात खिळे ठोकू नका. चौकोन काटकोनात आहेत का, हे ३-४-५ ने तपासा: एका बाजूला ३ मीटर, दुसरीला ४, तर कर्ण ५ यायला हवा. हे राहून गेलं की सगळं चित्र तिरकं उतरतं आणि कागदावर आणल्याशिवाय ते ध्यानात येत नाही. आलेख-कागदावर १ : २० प्रमाण घ्या, मीटरला ५ सेंटिमीटर. कशेळीच्या हत्तीसारखी सुमारे १८ मीटरची आकृती असेल तर तिला ९० सेंटिमीटर कागद लागेल, कागद जोडून घ्या. प्रत्येक चौकोनात रेष कुठून शिरते, कुठून जाते, खाचेची रुंदी आणि खोली मिलिमीटरमध्ये लिहा. फोटोत मोजपट्टी आणि उत्तरेचा बाण हवाच. उत्तर ठरवताना मात्र होकायंत्रावर एकट्यावर विसंबू नका. जांभ्यात लोह असतं. देवाचे गोठणे इथे तर कातळशिल्पाजवळ होकायंत्राची सुई भरकटते. सपाट जागी काठी उभी करून तिची सर्वांत आखूड सावली कुठे पडते ते पाहा. मोबाइलची जागा तीन ते पाच मीटरने चुकू शकते, तेव्हा विहीर, गडगा अशा पक्क्या खुणेपासूनचं अंतर टेपनेही घ्या.

आता वयाचं. कार्बन-१४ ने वय काढायला एके काळी जिवंत असलेला पदार्थ लागतो: कोळसा, हाड, शिंपला. कातळात कोरलेल्या रेषेत तसलं काही नसतं. मातीतल्या वाळूच्या कणांवर शेवटचा उजेड कधी पडला हे सांगणारी पद्धत आहे, पण तीही खाच केव्हा बुजली तेवढंच सांगेल. रेष कोरली ती त्यानंतर नव्हे, आधी, एवढा धागा मिळतो. ती माती न उकरण्याचं कारण हेच. बाकी अंदाज आसपासची दगडी हत्यारं, हत्याराच्या खुणा आणि चित्रांतले प्राणी यांवरून बांधतात. कोकणात आज नसलेला गेंड्यासारखा प्राणी चित्रात दिसला की प्राणिशास्त्रज्ञाला बोलवावं लागतं, हवामान तेव्हा कसं होतं हे विचारायला भूशास्त्रज्ञाला. ‘दहा हजार वर्षं’, ‘वीस हजार वर्षं’ असे आकडे वाचाल, ते अशा अंदाजांचे आहेत हे मुलांना सांगा. रत्नागिरीतली सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ अशी नऊ ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. तुमचं ठिकाण नोंदलेलं नसेल तर राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयाला कळवा.

त्याच सड्यावर ऑगस्टमध्ये मुलांना पुन्हा न्या. चित्रांवर पाय पडणार नाही असं बघून बाजूला एक मीटरची चौकट टाका आणि आतली रोपं मोजा: गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू. कातळावरच्या एवढ्याशा मातीत पोषण कमी असतं, म्हणून यातल्या काही वनस्पती किडे धरून भागवतात. एकाच कातळावर दोन शाखांचं काम शाळकरी मुलांना करता येतं, हे फार मोलाचं आहे.

प्रश्न : दोन हापूस कलमांपैकी एकाला कल्टार (मोहोरासाठीचं औषध) घातलं, एकाला नाही. न घातलेल्यालाच जास्त आंबा आला. मग विद्यापीठाची शिफारस कशाच्या आधारावर?
(बागायतदार, पावस)

दोन झाडांवरून काहीच ठरत नाही. हापूस एक वर्षाआड धरणारा. तुमचं कल्टारचं झाड विश्रांतीच्या वर्षात असेल तर फरक औषधाचा की पाळीचा, हे कळायला मार्ग नाही. दापोलीचं विद्यापीठ असे प्रयोग अनेक झाडांवर, अनेक वर्षं, झाडं चिठ्ठीने निवडून करतं; तेव्हा पाळीचा परिणाम दोन्ही बाजूंना सारखा वाटला जातो.

घरच्या बागेत करायचं तर सारख्या वयाच्या, सारख्या घेराच्या कलमांच्या दहा जोड्या लावा. प्रत्येक जोडीत कुणाला द्यायचं ते नाणं उडवून ठरवा. ‘हे जरा जोमदार दिसतं’ म्हणून निवडलंत की प्रयोग तिथेच बिघडला. मात्रा विस्ताराच्या व्यासाला प्रति मीटर ३ मिलिलिटर, म्हणजे ८ मीटरच्या झाडाला २४. ती ३ ते ६ लिटर पाण्यात मिसळा. बुंध्यापासून विस्ताराच्या निम्म्या अंतरावर पहारीने १० ते १५ सेंटिमीटर खोल २५ ते ३० भोकं करून त्यांत सारखी ओता. वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. जोडीतली झाडं अगदी लागून नकोत: औषध जमिनीत राहतं आणि शेजारच्या झाडाची मुळं ते उचलतात, मग ‘न दिलेलं’ झाडही दिल्यासारखं वागतं. मोहोर मोजताना चारी दिशांना एक चौरस मीटरची चौकट धरा. फळं मोजून आणि तोलूनही लिहा. किमान तीन हंगाम नोंद ठेवा. दहापैकी आठ-नऊ जोड्यांत एकाच बाजूला झुकतं माप आलं तर त्यात तथ्य आहे. सहा-चार आलं तर तो योगायोगही असू शकतो.

प्रश्न : घरात मोडी कागद आहेत. त्यावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असं साल आहे. इंग्रजी साल कसं काढायचं?
(वाचक, सावंतवाडी)

हे अरबी शब्दांतलं सुहूर सन. एक, साठ, शंभर आणि हजार मिळून ११६१. सन मृगाला, म्हणजे मे अखेर-जूनच्या सुमारास पालटतं. तिथपासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. तुमचा कागद १७६० च्या पावसाळ्यापासून १७६१ च्या उन्हाळ्यापर्यंतचा, पानिपतचं वर्ष. खाली मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख, दिला असेल तर नेमका दिवस निघतो. शक असेल तर ७८ मिळवा, आणि जानेवारी ते चैत्रापर्यंतच्या तारखांना ७९. घडीवर चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद पिवळा पडून अक्षर खातो.

प्रश्न : मला गणित आणि इतिहास दोन्हीत काम करायचं आहे. सगळे म्हणतात, एकच धर. खरंच दोन्ही जमत नाही का?
(पदवीचा विद्यार्थी, कणकवली)

जमतं, आणि त्याचं उदाहरण आपल्याच किनाऱ्याचं आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ मध्ये गोव्यातल्या कोसबेन इथे जन्मले. पेशाने गणितज्ञ. १९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रावरच्या दोन जनुकांतलं अंतर काढायचं सूत्र दिलं, जे जनुकशास्त्रात आजही त्यांच्या नावाने वापरतात. दोन जनुकं २० टक्के वेळा विलग होताना दिसली तर अंतर २० नव्हे, सुमारे २१.२ एकक, कारण मधल्या काही अदलाबदली एकमेकींना पुसून टाकतात. भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्तीही त्यांचीच. त्यासाठी हस्तलिखितं ताडून पाठभेद लावावे लागतात, ते काम गणिताच्या जवळपासही नाही.

दोन्ही विद्या एकत्र आल्या त्या नाण्यांत. तक्षशिलेच्या आहत, म्हणजे ठसे मारलेल्या, चांदीच्या नाण्यांवर राजाचं नाव नसतं. कोसंबींनी ती तोलली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं: ढिगाचं सरासरी वजन काळाबरोबर घटत जातं आणि वजनांतली तफावत वाढत जाते. तेव्हा कुठलं नाणं जास्त फिरलं, म्हणजे आधीचं, हे तराजूवरून लावता येतं. ही रीत खरी आहे का, हे पाहायला त्यांनी चलनातली आधुनिक नाणीही तोलली. तुम्ही यातलं शिकायचं ते हे दुसरं पाऊल. एका शाखेचं हत्यार दुसरीत नेताना, उत्तर ठाऊक असलेल्या नमुन्यावर ते आधी चालवून बघायचं.

उलटही घडतं. १९५९ मध्ये त्यांनी रीमान यांच्या प्रसिद्ध गृहीतकाचा उलगडा केल्याचा दावा शेती-सांख्यिकीच्या नियतकालिकात छापला; गणितज्ञांनी तो मान्य केला नाही. निबंध त्या विषयाच्या जाणकारांपुढे आधी जायला हवा, मग तो कितीही मोठ्या माणसाचा असो. तुमच्यापुरतं सांगायचं तर पदवीला सांख्यिकी पक्की करा, सोबत मोडी किंवा नाणकशास्त्र यांपैकी एकच शिका, आणि दोन मार्गदर्शक घ्या, प्रत्येक बाजूचा एक.

प्रश्न : शोधनिबंध फुकट कुठे वाचायला मिळतील? आणि बोगस नियतकालिक ओळखायचं कसं?
(वाचक, गुहागर)

भारतातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर मोफत आहेत, त्यांत मराठीतलेही. शोधताना देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिप्यांत शब्द टाकून बघा, शीर्षकं दोन्हींत नोंदलेली असतात. गणित-भौतिकीचे निबंध छपाईआधीच ‘आर्काइव्ह’ या १९९१ पासूनच्या संग्रहात येतात, मात्र तिथे तज्ज्ञांची तपासणी झालेली नसते. सरकारी महाविद्यालयात शिकत असाल तर ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’खाली जानेवारी २०२५ पासून सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली झाली आहेत, ग्रंथपालाला विचारा. कुठेच नाही मिळालं तर लेखकाला दोन ओळींचं ईमेल लिहा, बहुतेकजण आनंदाने प्रत पाठवतात.

बोगसाची लक्षणं: तीन दिवसांत स्वीकृती, आधी पैसे, एकाच अंकात आयुर्वेद, काँक्रीट आणि संतसाहित्य. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, म्हणून ‘आम्ही त्या यादीत आहोत’ एवढ्यावर आता जाऊ नका. संपादक मंडळातली दोन नावं घ्या आणि त्यांच्या विद्यापीठाच्या पानावर त्या नियतकालिकाचा उल्लेख आहे का ते पाहा. मग जुन्या अंकातला तुमच्या विषयाचा एक निबंध काढून त्यातले तीन संदर्भ उघडा. संदर्भच अस्तित्वात नसतील तर पैसे पाठवू नका.